बटू दीर्घिकेभोवतीच्या विरळ आयनीभूत वायूचा नकाशा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या उत्तरांत मुख्य उदाहरण लहान मॅजेलन मेघ या आपल्या शेजारच्या बटू (लहान) दीर्घिकेचे आहे. उत्तर आकाशातून काम करणाऱ्यांसाठी एनजीसी ४४४९ ही बटू दीर्घिका शेवटाकडे घेतली आहे.

विरळ आयनीभूत वायू म्हणजे काय? मृग नक्षत्रातला तेजोमेघही आयनीभूतच असतो ना?

असतो, म्हणजे त्याच्याही अणूंतून इलेक्ट्रॉन सुटलेले असतात, पण दोघांच्या घनतेत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मृगातल्या तेजोमेघाच्या गाभ्यात एका घन सेंटिमीटरमध्ये हजारो इलेक्ट्रॉन सापडतात. विरळ वायूत हाच आकडा ०.१ किंवा त्याहूनही कमी असतो. तापमान मात्र दोन्हीकडे जवळपास सारखे, साधारण ८,००० ते १०,००० केल्व्हिन. तेजोमेघ त्याच्या तरुण ताऱ्यांभोवती गोळा झालेला असतो. विरळ वायू दीर्घिकेच्या तबकडीबाहेर हजारो प्रकाशवर्षे पसरतो आणि त्याला ठळक कडा नसते.

आपल्या आकाशगंगेत असा थर असावा, हे हॉइल आणि एलिस यांनी १९६३ मध्ये रेडिओ निरीक्षणांवरून सुचवले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉन रेनॉल्ड्स यांनी त्याचा मंद तांबडा प्रकाश मोजायला घेतला. म्हणून या थराला 'रेनॉल्ड्स थर' असेही म्हणतात. तो तबकडीच्या दोन्ही बाजूंना हजार पार्सेकच्या वर जातो (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे).

हा वायू इतका मंद आहे, मग त्याच्यामागे का लागायचे?

मंद असला तरी तो थोडा नाही. बऱ्याच दीर्घिकांत हायड्रोजनच्या तांबड्या रेषेच्या, म्हणजे एच-आल्फाच्या, एकूण प्रकाशापैकी एक तृतीयांश ते निम्मा प्रकाश या पसरलेल्या वायूकडून येतो. बटू दीर्घिकेत प्रश्न आणखी टोकदार होतो. तिचे गुरुत्व कमी, त्यामुळे ताऱ्यांच्या वाऱ्यांनी आणि अतिनवताऱ्यांच्या स्फोटांनी उडालेला वायू तिला सहज धरून ठेवता येत नाही. शेजारची मोठी दीर्घिकाही तो ओढून नेते. लहान मॅजेलन मेघात उदासीन (इलेक्ट्रॉन न सुटलेला) हायड्रोजन सुमारे ४० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाइतका आहे. पण २१ सेंटिमीटरच्या रेडिओ नकाशात फक्त उदासीन हायड्रोजन दिसतो. आयनीभूत भाग मोजला नाही, तर वायूच्या हिशेबात मोठी रक्कम लिहायचीच राहून जाते.

लहान मॅजेलन मेघच का? महाराष्ट्रातून तो दिसतो का?

तो सुमारे ६२ हजार पार्सेकवर, म्हणजे साधारण दोन लाख प्रकाशवर्षांवर आहे. दीर्घिकांच्या मानाने हे अंतर म्हणजे उंबरठ्यावरच. शिवाय तो आपल्यापासून सेकंदाला सुमारे १५० किलोमीटर वेगाने दूर जातो, आणि पुढे दिसेल की सगळी गंमत या वेगातच आहे.

महाराष्ट्रातून मात्र विसरा. त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनी अंतर) सुमारे उणे ७३ अंश असल्यामुळे १७ अंश उत्तर अक्षांशाच्या वर तो उगवतच नाही. पुणे-मुंबईला तो कायम क्षितिजाखाली राहतो. गोव्यातून तो हिशेबाने दोनेक अंश वर येतो खरा, पण तिथे समुद्रावरच्या धुक्यातून काहीही मोजता येणार नाही. यासाठी दक्षिण गोलार्धच हवा. चिलीतल्या सेरो तोलोलो वेधशाळेत 'विस्कॉन्सिन एच-आल्फा मॅपर' हे यंत्र २००९ पासून आहे. सगळे त्याला नुसते 'व्हॅम' म्हणतात. त्याआधी ते अमेरिकेत किट पीकवर होते.

व्हॅम नेमके काय करते? मोठ्या दुर्बिणीने हेच काम जास्त चांगले होणार नाही का?

व्हॅमचे भिंग फक्त ६० सेंटिमीटरचे आहे आणि ते आकाशाचा एक अंश रुंद गोल तुकडा एका दमात बघते. या तुकड्यालाच बीम म्हणतात. पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी ठेवले तर होईल एवढी ती रुंदी. त्या तुकड्याचे चित्र निघत नाही. त्यातला सगळा प्रकाश एकत्र करून एकच वर्णपट निघतो. मोठ्या दुर्बिणीने बारीक तपशील दिसतो, पण पसरलेल्या प्रकाशाची पृष्ठतेजस्विता आरसा मोठा केल्याने वाढत नाही. इथे उपयोगी पडतो तो आरशाचे क्षेत्रफळ आणि आकाशाचा कोन यांचा गुणाकार. एक अंशाच्या बीममुळे व्हॅमचा हा गुणाकार भरपूर येतो.

आत १५ सेंटिमीटर व्यासाचे दोन फॅब्री-पेरो एटालॉन आहेत. एटालॉन म्हणजे समोरासमोर बसवलेल्या, अर्धवट चांदी चढवल्यासारख्या दोन अतिसपाट काचा. दोघींमधल्या फटीतून ठराविक तरंगलांबीच पार जाते. फटीतला सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचा दाब बदलला की ती तरंगलांबी सरकते. काचा हलवाव्या लागत नाहीत. दोन एटालॉन घेण्याचे कारण असे की एकटा एटालॉन अनेक क्रमांच्या तरंगलांब्या एकाच वेळी सोडतो आणि दुसरा त्यातल्या नकोशा अडवतो. हे अडवणे शंभर टक्के नसते. त्यामुळे तेजस्वी रेषेचे एखादे फिकट भूत वर्णपटात भलत्याच ठिकाणी उमटते. ते ओळखून वगळावे लागते.

सीसीडीवर (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) पडते ती कड्यांची आकृती. मधोमध तांबड्या बाजूची तरंगलांबी आणि कडेला निळ्या बाजूची. वायू दूर जात असला की त्याची रेषा तांबड्याकडे सरकते, म्हणून तरंगलांबीवरून वेग कळतो. सारख्या क्षेत्रफळाचे कडे म्हणजे वेगाचा सारखा टप्पा. कडे-कडे बेरीज करत गेले की २०० किमी/से रुंदीचा वर्णपट मिळतो आणि त्यात १२ किमी/से इतका बारकावा दिसतो. कड्यांचे केंद्र काही पिक्सेलने जरी चुकले, तरी सगळ्या रेषा फुगतात. रेषा संशयास्पद रुंद वाटली, तर वायूतल्या खळबळीवर लेख लिहिण्याआधी केंद्र तपासा.

'रॅले' हे एकक कसले?

मुळात रात्रीच्या आकाशाची चमक मोजणाऱ्या वातावरणशास्त्रज्ञांचे. एच-आल्फाच्या तरंगलांबीला १ रॅले म्हणजे दर चौरस कोनी सेकंदाला, दर चौरस सेंटिमीटरमागे ५.६७ × १०⁻¹⁸ अर्ग प्रति सेकंद. व्हॅमच्या उत्तर आकाश सर्वेक्षणात ३० सेकंदांच्या एक्स्पोजरला सुमारे ०.१५ रॅलेपर्यंत पोहोचता आले. बटू दीर्घिकेच्या कडेला मात्र ०.०१ ते ०.०५ रॅलेच्या गोष्टी चालतात. तुलनेला, उत्तर अमेरिका तेजोमेघ या बीममध्ये सुमारे ८०० रॅले देतो.

एका बीमचा वर्णपट प्रत्यक्षात कसा दिसतो?

मेघाच्या कडेची एक दिशा घ्या आणि उणे ५० ते अधिक २५० किमी/से एवढा पट्टा डोळ्यांसमोर आणा (दोन वेगवेगळ्या दाबांवर घेतलेले, एकमेकांवर चढणारे दोन तुकडे जोडून). शून्याजवळ एक उंच, निमुळता सुळका असतो. तो पृथ्वीच्याच वरच्या वातावरणातल्या हायड्रोजनचा, म्हणजे भूकिरीटाचा. त्याची तीव्रता काही रॅले असते आणि पृथ्वीच्या सावलीची उंची बदलते तशी ती रात्रभर बदलत राहते. त्याच्या खांद्याला टेकून आपल्या आकाशगंगेचा वायू बसतो. मग सपाट जमीन लागते, पण नीट पाहिले तर तीही सपाट नाही. दर थोड्या अंतरावर ०.१ रॅले किंवा त्याहून कमी उंचीचे वातावरणातले उंचवटे असतात. १५० च्या आसपास एक रुंद, बुटकी टेकडी दिसते, साधारण ३० ते ५० किमी/से रुंद. आपल्याला हवी ती ही टेकडी. अजून पुढे गेलात तर अधिक २७२ किमी/से जवळ हायड्रॉक्सिलची चकचकीत रेषा लागते. लहान मेघाच्या कामात ती वाटेत येत नाही. मोठ्या मॅजेलन मेघाचा वायू मात्र सुमारे २६० किमी/से वेगाने दूर जातो, तिथे हीच रेषा डोके खाते.

म्हणून लहान मेघासाठी दाब असा ठेवतात की खिडकी साधारण ५० ते २५० किमी/से अशी बसेल. भूकिरीट आणि आकाशगंगा दोन्ही खिडकीबाहेर जातात. याची किंमत म्हणजे वेगाची खूणही हातची जाते, कारण भूकिरीटाची रेषा हाच रोजचा मैलाचा दगड असतो. मग वेग दाबावरून काढावा लागतो. दाब आणि तरंगलांबी यांचे नाते सरळ रेषेचे असल्याने ते जमते, फक्त दाबाची नोंद प्रत्येक एक्स्पोजरला हवी.

वातावरणाच्या रेषा आणि दीर्घिकेचा वायू यांत गल्लत झाली नाही, हे कसे कळेल?

वर्षाचा फायदा घ्या. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे वातावरणातल्या रेषा आणि आकाशातल्या रेषा यांच्यातले अंतर महिन्यागणिक बदलते. लहान मेघ क्रांतिवृत्तापासून सुमारे ६५ अंश दक्षिणेला असल्याने हा बदल अधिक-उणे १३ किमी/से इतकाच येतो. पण १२ किमी/से बारकाव्याच्या यंत्राला तेवढा पुरतो. तीच दिशा ऑगस्टमध्ये आणि पुन्हा डिसेंबरमध्ये पाहा. वर्णपट पृथ्वीच्या चौकटीत ठेवा. जी रेषा जागची हलली नाही ती आपल्या डोक्यावरच्या हवेची, जी सरकली ती आकाशातली. वेळ दुप्पट लागतो म्हणून ही तपासणी बरेच जण टाळतात, आणि नंतर ०.०३ रॅलेच्या 'शोधा'वर परीक्षक नेमका हाच प्रश्न विचारतो.

'ऑफ' दिशा कशी निवडायची?

'ऑफ' म्हणजे वातावरणाच्या रेषा वजा करण्यासाठी पाहिलेले रिकामे आकाश. ती दिशा मेघापासून काही अंश दूर, जिथे त्या वेगावर उदासीन हायड्रोजन दिसत नाही अशी हवी. क्षितिजापासूनची उंची मूळ दिशेइतकीच असावी आणि निरीक्षण त्याच्या आगेमागेच, दहा-पंधरा मिनिटांच्या आत व्हावे. वातावरणातल्या बारीक रेषा उंचीनुसार आणि वेळेनुसार बदलतात. संध्याकाळची ऑफ दिशा पहाटेच्या बीममधून वजा केली, तर उरलेल्या खोट्या उंचवट्यांना तुम्ही वायू म्हणाल.

दुसरी अडचण या मेघापुरतीच आहे, पण मोठी आहे. त्याच्या आजूबाजूला 'रिकामे' आकाश सापडणे कठीण. एका बाजूला दोन्ही मेघांना जोडणारा मॅजेलन पूल आहे, दुसरीकडे मॅजेलन प्रवाह. दोन्हींत आयनीभूत वायू सापडलेला आहे. ऑफ दिशेतच ०.०५ रॅले असेल, तर तेवढे प्रत्येक बीममधून कापले जाईल आणि मेघाभोवतीच्या विरळ वायूच्या प्रभामंडळाची कडा आत सरकेल. शक्य असेल तर दोन वेगळ्या दिशांच्या ऑफ घ्या आणि त्या एकमेकींतून वजा करून पाहा. उरलेले शून्य यायला हवे.

किती बीम लागतील, किती वेळ?

१० अंश × १० अंश क्षेत्र एक-एक अंशावर पाहिले तर १०० बीम होतात, पण गोल बीमच्या मधल्या फटी राहतात. अर्ध्या अंशावर पाहिले तर ४००. प्रत्येकी पाच मिनिटे धरली तर नुसत्या एक्स्पोजरचे ३३ तास होतात. त्यात ऑफ दिशा, मोजमापाचे तेजोमेघ आणि खराब हवा मिळवा. हेही चंद्र नसलेल्या रात्रींचे तास आहेत. विखुरलेल्या चंद्रप्रकाशात सूर्याचा वर्णपट मिसळलेला असतो आणि त्यात एच-आल्फाची काळी रेषा असते. ती वर्णपटाच्या पायथ्यालाच खड्डा पाडते.

बीममध्ये तेजस्वी तारा आला तर?

सहाव्या प्रतीपेक्षा तेजस्वी तारा बीममध्ये किंवा त्याच्या कडेला असेल, तर तो बीम सोडून द्या. ताऱ्याची स्वतःची एच-आल्फा शोषणरेषा आणि आतल्या परावर्तनाने पडलेले डाग मिळून पायथ्याची रेषा वाकडी करतात. वाकड्या पायथ्यावर बसवलेली टेकडी कितीही देखणी दिसली तरी तिचा भरवसा नाही.

धुळीची दुरुस्ती किती?

आपल्या आकाशगंगेच्या धुळीमुळे या दिशेला एच-आल्फा साधारण आठ-नऊ टक्के कमी होतो. कडेच्या बीमसाठी तेवढी दुरुस्ती पुरे. मेघाच्या आतल्या धुळीची दुरुस्ती फक्त मधल्या, तारे जन्मणाऱ्या भागात करावी. ती सरसकट सगळीकडे लावू नका.

तीव्रतेवरून वायूचे वस्तुमान कसे काढायचे?

हिशेब सोपा आहे, पण त्यात एक जागा अशी आहे की तिथे सगळे अंदाजपंचेच चालते.

१. एच-आल्फा तीव्रता घनतेच्या वर्गावर अवलंबून असते, कारण प्रत्येक प्रकाशकणासाठी एक इलेक्ट्रॉन आणि एक प्रोटॉन भेटावे लागतात. त्यामुळे तीव्रतेवरून थेट मिळते ते 'उत्सर्जनमान' : घनतेचा वर्ग गुणिले दृष्टिरेषेची लांबी. ८,००० केल्व्हिनला १ रॅले म्हणजे २.२५ पार्सेक प्रति सेमी⁶. १०,००० केल्व्हिन धरले तर २.७५.

२. कडेच्या एका बीममध्ये ०.१ रॅले मिळाले असे समजा. उत्सर्जनमान ०.२२५.

३. आता वायूची खोली हवी. ती मोजता येत नाही, गृहीत धरावी लागते. ३,००० पार्सेक धरू. घनता = √(०.२२५ ÷ ३,०००), म्हणजे सुमारे ०.००८७ प्रति घन सेंटिमीटर.

४. ६२ हजार पार्सेकवर एक अंशाचा बीम सुमारे १,०८० पार्सेक रुंद होतो. त्याचे क्षेत्रफळ ०.९२ चौरस किलोपार्सेक, घनफळ पावणेतीन घन किलोपार्सेक.

५. हीलियम धरण्यासाठी १.४ ने गुणले की वस्तुमान येते सुमारे ८ लाख सूर्यांइतके.

खोली दुप्पट धरली तर घनता √२ ने घटते, पण घनफळ दुप्पट होते. वस्तुमान ८ चे साधारण साडेअकरा लाख होते. उलट वायू सलग नसून गाठीगाठींचा असेल आणि खोलीचा चौथा हिस्साच भरत असेल, तर वस्तुमान निम्मे, ४ लाख. म्हणजे दोन रास्त गृहीतकांत जवळजवळ तिप्पट फरक पडतो. म्हणून आयनीभूत वायूचे वस्तुमान सांगताना एक आकडा देणाऱ्यापेक्षा पट्टा देणाऱ्यावर जास्त विश्वास ठेवावा. आणि अर्धा अंश अंतराने घेतलेल्या बीमची वस्तुमाने नुसती मिळवू नका. बीम एकमेकांवर चढलेले असतात, बेरीज तीन-चार पट फुगते. आधी नकाशा करा, मग क्षेत्रफळावर बेरीज घ्या.

रेषेच्या रुंदीवरून तापमान मिळते का?

एकट्या एच-आल्फावरून नाही. ८,००० केल्व्हिनला हायड्रोजनच्या रेषेची उष्णतेमुळे येणारी रुंदी सुमारे १९ किमी/से असते. निरीक्षणात ३० आली, तर उरलेली खळबळीची : √(३०² − १९²), साधारण २३. पण हे तापमान आधीच माहीत असल्यासारखे झाले. खरी तोड म्हणजे आयनीभूत गंधकाची ६,७१६ अँगस्ट्रॉमची (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) रेषाही घ्यायची. गंधकाचा अणू हायड्रोजनच्या ३२ पट जड, त्यामुळे त्याची उष्णतेची रुंदी जेमतेम साडेतीन किमी/से. त्याची रेषा जवळपास पूर्ण खळबळीनेच रुंद झालेली असते. दोन समीकरणे मिळाली, दोन अज्ञाते सुटली. अडचण एवढीच की लहान मेघात जड मूलद्रव्ये सूर्याच्या साधारण पंचमांश आहेत, म्हणून गंधकाची रेषा फिकी असते आणि वेळ कितीतरी पट लागतो.

या वायूला आयनीभूत ठेवते कोण?

मुख्यतः जड, उष्ण ताऱ्यांचा अतिनील प्रकाश. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात आणि तेवढी ऊर्जा असलेला प्रकाश तेजोमेघातच अडकून पडावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो गळतो. मॅजेलन मेघांतल्या तेजोमेघांच्या गंधक-ऑक्सिजन गुणोत्तराच्या नकाशांवरून त्यांतला सुमारे ४० टक्के आयनीभवन करणारा प्रकाश निसटत असावा असा अंदाज निघाला आहे. याशिवाय तेजोमेघाबाहेर भटकणारे उष्ण तारे, म्हातारे उष्ण तारे आणि स्फोटांचे धक्के यांचाही हातभार असतो.

हिशेब तपासायला सोपे माप : ०.१ रॅले टिकवण्यासाठी दर चौरस सेंटिमीटरवर सेकंदाला सुमारे २.१ लाख आयनीभवन करणारे प्रकाशकण पडावे लागतात. नकाशा काही मिलिरॅलेपर्यंत उतरला की मात्र सावध व्हा. तिथे विश्वात सगळीकडे भरलेला अतिनील पार्श्वप्रकाशही तेवढीच चमक देऊ शकतो, आणि मग श्रेय दीर्घिकेला देता येत नाही.

हे सगळे साध्या अरुंद फिल्टरने, फोटो काढून होणार नाही का?

तेजस्वी भागांसाठी होते, आणि दूरच्या दीर्घिकांसाठी तोच व्यवहार्य मार्ग आहे. लडाखमधल्या हानले येथील २ मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण किंवा जुन्नरजवळ गिरवलीची आयुकाची २ मीटरची दुर्बीण, दोन्हींचे दृष्टिक्षेत्र साधारण १० कोनी मिनिटांचे (अंशाचा सहावा भाग) आहे. एनजीसी ४४४९ त्यात आरामात बसते. ही श्यामशबल तारकासमूहातली बटू दीर्घिका सुमारे ४० लाख पार्सेकवर आहे आणि तिच्यात तारे जोरात जन्मत आहेत. मार्चअखेरीस ती मध्यरात्री माथ्याजवळ येते. गिरवलीवरून उंची ६५ अंश मिळते आणि पावसाळ्याआधीचे कोरडे महिने हाताशी असतात.

पण आधी हा हिशेब करा. अंधाऱ्या जागी तांबड्या पट्ट्यात आकाशाची चमक चौरस कोनी सेकंदाला २०.८ प्रतीची धरली, तर १०० अँगस्ट्रॉमच्या फिल्टरमधून येणारे आकाश सुमारे १८० रॅलेचे होते. कॅमेऱ्याची असमान संवेदनक्षमता दुरुस्त करायला सारख्या उजेडाचा फोटो घेतात, त्याला फ्लॅट म्हणतात. म्हणजे फ्लॅटमध्ये एक टक्का चूक राहिली, तर जवळपास दोन रॅलेचा खोटा वायू तयार. एक रॅले खात्रीने मोजायचा, तर फ्लॅट टक्क्याच्या दहाव्या भागाइतका चोख हवा. घुमटाच्या पडद्यावर घेतलेले फ्लॅट एवढे चोख नसतात. रात्रीचेच अनेक फोटो, दर वेळी दुर्बीण एक-दोन कोनी मिनिटे सरकवून घ्यावेत आणि तारे पुसून त्यांच्यापासून फ्लॅट बनवावा. ३० अँगस्ट्रॉमचा फिल्टर वापरला तर आकाश ५५ रॅलेवर येते आणि सगळेच सुसह्य होते.

फिल्टरची आणखी काही दुखणी आहेत. एनजीसी ४४४९ चा वेग सुमारे २०७ किमी/से, म्हणून तिचा एच-आल्फा ६,५६३ ऐवजी ६,५६७ अँगस्ट्रॉमवर पडतो. फिल्टरचा आलेख काढून तिथे त्याची पारगम्यता वाचा, शिखरावरची नको. शिवाय तिरप्या किरणांसाठी फिल्टर निळ्याकडे सरकतो. एफ/४ च्या (नाभीय अंतर व्यासाच्या चौपट असलेल्या) दुर्बिणीच्या शंकूत कडेचे किरण बारा-तेरा अँगस्ट्रॉम सरकतात. एफ/२ च्या वेगवान दुर्बिणीत हाच आकडा ५० च्या जवळ जातो, म्हणजे ३ नॅनोमीटरचा हौशी फिल्टर तिथे निम्माअधिक वायाच. फिल्टर भिंगाच्या पुढे, समांतर किरणांत बसवला तर हा त्रास टळतो.

ताऱ्यांचा प्रकाश वजा कसा करायचा?

तांबड्या रुंद पट्ट्याचा फोटो घ्या, दोन्हींतले वीस-तीस समोरचे तारे मोजा, गुणोत्तरांचा मध्यक काढा, रुंद फोटोला त्याने गुणून वजा करा. त्याआधी दोन्ही फोटोंमधल्या ताऱ्यांची रुंदी सारखी करून घ्या, नाहीतर प्रत्येक ताऱ्याच्या जागी काळे-पांढरे वेढे उरतात. गुणोत्तर दोन-तीन टक्के खालीवर करून नकाशा पुन्हा काढा. प्रभामंडळ त्याबरोबर वाढत-आटत असेल, तर ते वायूचे नसून उरलेल्या तारकाप्रकाशाचे आहे. रुंद पट्ट्यात एच-आल्फाही असतो, त्यामुळे थोडा वायू स्वतःतूनच वजा होतो. त्याची दुरुस्ती दोन-तीन फेऱ्यांत करावी.

नायट्रोजनच्या ६,५४८ आणि ६,५८३ च्या रेषा १०० अँगस्ट्रॉमच्या फिल्टरमध्ये शिरतातच. बटू दीर्घिकेत जड मूलद्रव्ये कमी असल्याने त्या तशा फिक्या असतात. पण विरळ वायूत नायट्रोजन-हायड्रोजन गुणोत्तर तेजोमेघांपेक्षा वाढलेले असते, म्हणून तेजोमेघाचे गुणोत्तर कडेला लावू नका.

तेजस्वी भागाभोवतीचे वलय खरे की दुर्बिणीने पसरवलेले?

हा प्रश्न फार उशिरा विचारला जातो. कोणत्याही दुर्बिणीत ताऱ्याचा प्रकाश मधल्या ठिपक्यापासून लांबवर, अगदी फिका होत पसरलेला असतो. ५०० रॅलेच्या तेजोमेघाचा हजारावा हिस्सा जरी असा विखुरला, तरी अर्धा रॅले झाला. दृष्टिक्षेत्रातल्या एका खूप तेजस्वी ताऱ्याचा मुद्दाम दीर्घ फोटो घ्या, त्याच फिल्टरमधून, आणि पाच कोनी मिनिटांच्या त्रिज्येपर्यंत त्याची चमक कशी उतरते ते मोजा. ती उतरण तेजोमेघांवर लावून नकली प्रभामंडळ तयार करा आणि खऱ्या नकाशाशेजारी ठेवा. वायूचे तंतू, फुगे, कमानी दिसत असतील तर ते खरे. विखुरलेला प्रकाश असे आकार करत नाही.

रेडिओ नकाशाचा इथे उपयोग काय?

वेगाची साक्ष. एच-आल्फाची टेकडी आणि २१ सेंटिमीटरच्या रेषेचा वेग जुळला, तर दोन्ही वायू शेजारी राहतात असे म्हणता येते. उत्तरेकडच्या बटू दीर्घिकांसाठी नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उत्तम आहे. ४५ मीटरच्या तिच्या ३० डिशांनी फिक्या अनियमित दीर्घिकांचे एक अख्खे सर्वेक्षण केले आहे. लहान मॅजेलन मेघ मात्र तिलाही दिसत नाही. तिथे क्षितिज आडवे येते.

स्वतः निरीक्षण न करता सुरुवात करता येईल का?

येईल. दक्षिण आकाशाचे 'शासा' सर्वेक्षण खुले आहे. ते ५२ मिलिमीटरच्या कॅमेरा-भिंगाने केलेले, एका पिक्सेलला सुमारे दोन रॅलेपर्यंत उतरणारे. त्यात वेगाची माहिती नाही, त्यामुळे भूकिरीट आणि मेघ वेगळे होत नाहीत आणि शून्याची पातळी डगमगती राहते. व्हॅमचे आकाश सर्वेक्षणही खुले आहे, पण त्याची वेगाची खिडकी साधारण उणे ते अधिक १०० किमी/से. लहान मेघाचा मुख्य वायू त्याच्या बाहेर पडतो. त्या विदेत मेघ 'सापडला नाही' म्हणून गोंधळून जाऊ नका.

नकाशात काही बीमची तीव्रता उणे येते. तिथे शून्य भरू का?

नको. रिकाम्या आकाशात मोजमापातल्या गोंधळामुळे (नॉइजमुळे) निम्मे बीम शून्याच्या खाली येणारच. गोंधळ ०.०२ रॅले असेल आणि सगळे उणे आकडे शून्य केले, तर रिकाम्या आकाशाची सरासरी शून्याऐवजी ०.००८ रॅले होते. चारशे बीमवर ती पसरली की छान गुळगुळीत, सगळीकडे सारखे असे प्रभामंडळ तयार होते. वस्तुमान तीव्रतेच्या वर्गमुळावर जाते, त्यामुळे तिथे ही चूक आणखी फुगते. उणे आकडे तसेच ठेवा, शेजारच्या बीमच्या सरासरीत उणेच जाऊ द्या आणि वस्तुमान बीम-बीम न काढता त्या सरासरीवरून काढा.